पत्रकातून गाळलेलं वाक्य

दळवीकाका,

काल काकूंनी तुमच्या दाराशी असलेला रस्त्याचा तुकडा माझ्या हातात ठेवला. "घेऊन जा गं, येता-जाता पायाला लागतो," म्हणाल्या. खरं कारण ते नव्हतं. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून तुम्ही तो तिथे ठेवला होता आणि आता दार दिवसभर बंदच असतं. भाईंदरच्या आपल्या जेसल पार्कात तळमजल्यावरचं सताड उघडं दार एकच होतं, तुमचं.

तुकडा जड आहे. ओढणीत गुंडाळून मी तो तिसऱ्या मजल्यावर आणला आणि टेबलावर, माझ्या पत्रकांच्या गठ्ठ्यावर ठेवला. आता त्याच्यासमोर बसून लिहितेय. तुमच्यावर दोन शब्द लिहून दे, असं सोसायटीच्या सेक्रेटरींनी सांगितलं होतं. जन्म कुठला, नोकरी किती वर्षं, मागे कोण कोण. ते मी लिहिलं नाही. मला तुमच्याशी बोलायचंय, आणि तुम्ही जूनपासून ज्याची वाट बघत होतात, तेच.

हा तुकडा तुम्ही पहिल्यांदा दाखवलात तेव्हा मी कॉलेजात होते. टेलिफोनवाल्यांनी आपल्या गेटसमोर चर खणला होता. सगळे त्यांना शिव्या देत होते आणि रस्ते खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले तुम्ही, लुंगीवर, चरात उतरून कडेचं ढेकूळ सुटं करत होतात. काकू दारातून ओरडत होत्या, "अहो, रिटायर झालात ना? मग आता तरी रस्त्यावरून उठा!" तुम्ही तो तुकडा नळाखाली धुतलात आणि मला हाक मारलीत.

"ये पुढारी. मोज बघू थर."

मी मोजले. पाच होते. खालचा जाड खडीचा, त्यावर एकावर एक डांबराचे.

"हा बोटभर जाडीचा दिसतोय? यात डांबर नावाला. निवडणूक तोंडावर आली होती. आणि हा वरचा पावसाच्या आधी घाईघाईत केलेला, बघ, नखाने खडी सुटते. रस्ता मेला की त्याला उचलत नाहीत गं. त्याच्याच छातीवर दुसरा झोपवतात."

मग तुम्ही आपल्या बिल्डिंगच्या पायऱ्या दाखवल्यात. तुम्ही परळहून इथे राहायला आलात तेव्हा फाटकातून रस्त्यावर उतरायला पाच पायऱ्या होत्या. आता दोन उरल्या होत्या. पायऱ्या कोणी तोडल्या नव्हत्या, रस्ताच वर चढत आला होता. त्या जुलैतल्या मोठ्या पुरात तुमच्या घरात पाणी शिरलं ते याच दोन पायऱ्या ओलांडून. काकूंची लोखंडी ट्रंक तरंगली. लग्नाचे फोटो गेले. तुम्ही पलंगावर उभं राहून पाण्याला म्हणालात, "या, या, तुमचीच जागा होती." काकूंनी ते तुम्हाला कधी माफ केलं नाही.

मी पत्रकांवर वाढले, काका. बाबा गिरणी भागातल्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. मला अक्षरओळख झाली ती उलट्या अक्षरांची आणि पहिला शब्द मी वाचला तो 'धिक्कार'. तुम्हाला याचं फार हसू यायचं. "इतर पोरींना कमळ, बदक. आमच्या पुढारीला धिक्कार." बाबांचा एकच नियम होता, तो मी देवाच्या नावासारखा पाठ केला होता. एक पत्रक, एक मागणी. दोन मागण्या केल्या की साहेब त्यातली सोपी तेवढी देतो आणि निघून जातो.

तर पुरानंतर मी पत्रक लिहायला घेतलं. मागणी तुम्हीच मला शिकवलेली होती. जुन्या रस्त्यावर नवा चढवू नका, आधी जुना उखडा. मी ते मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आधी उखडा, मग बांधा!' खाली तळमजल्यावरच्या घरांची हकिगत, त्याखाली माझं नाव आणि एक आवळलेली मूठ. केबिन रोडवरच्या डीटीपीवाल्याकडून ती मूठ मी तीनदा काढून घेतली होती. पहिल्या दोन वेळा ती वांग्यासारखी दिसत होती.

कच्चा कागद तुम्हाला दाखवायला आणला. तुम्ही चष्मा पुसलात, दोनदा वाचलंत.

"झकास आहे. फक्त एक राहिलंय. उखडलेलं कुठे टाकणार?"

"ते त्यांचं काम आहे, काका."

"त्यांचंच काम आहे म्हणून तर विचारायचं. एवढा रस्ता उखडला की किती ट्रक निघतील, कल्पना आहे? ते हवेत जाणार नाहीत, खाडीत जातील."

मग तुम्ही रस्त्याचं सगळं आयुष्य माझ्यापुढे मांडलंत. घोडबंदरकडे डोंगर फोडून निघणारी खडी, तिथल्या झाडांवर बाराही महिने बसलेली पांढरी धूळ. पिंपात उकळणारं डांबर, त्याखाली लाकडाबरोबर जाळलेले जुने टायर, पायांना गोणपाट बांधून त्या धुरात फावडं मारणारी माणसं. तुमच्या उजव्या हातावरचा भाजल्याचा डाग तेव्हाचा. रस्ता झाल्यावरही संपत नाही, म्हणालात. खड्ड्यातून रिक्षा पहिल्या गिअरमध्ये कण्हत जाते, तो धूरही रस्त्याचाच. आणि शेवटी उखडला की त्याचं प्रेतही रस्त्याचंच. "लोक विचारतात रस्ता किती वर्षं टिकला. तो आला कुठून आणि गेला कुठे, हे कोणी विचारत नाही. बाळंतपण दुसऱ्याच्या अंगणात, मर्तिकही दुसऱ्याच्याच अंगणात, आणि मध्ये मिरवायचं फक्त आपल्या दारात."

मी म्हटलं, मग सरळ काँक्रीट मागू, पुन्हा पुन्हा उखडायची भानगडच नको. तुम्ही म्हणालात, सिमेंटही भट्टीत भाजूनच येतं, तो धूर तुला इथून दिसत नाही एवढंच. मी म्हटलं, काहीच नको म्हणजे चिखलातून जायचं का? तुम्ही म्हणालात, चिखल नको गं, हिशेबी रस्ता हवा. हा वाद आपण किती संध्याकाळी घातला! काकूंचा चहा दोनदा निवायचा. वाद संपला नाही. मला अजूनही वाटतं काँक्रीटबद्दल तुमचा थोडा हट्ट होता. हे तुम्ही गेलात म्हणून मागे घेत नाही.

पण त्या दिवशी तुम्ही पाठकोऱ्या कागदावर चार ओळी लिहून दिल्यात. उखडलेला माल फेकू नये, फोडून त्याच रस्त्याच्या किंवा शेजारच्या गल्लीच्या पायाच्या थरात घालावा, रोलर फिरवावा, तेवढी नवी खडी डोंगरातून कमी काढावी लागेल. सगळं नीट, ओव्हरसियरच्या अक्षरात. मी म्हटलं, "काका, जागा नाही." तुम्ही मान डोलावलीत. मी आणखी म्हटलं, "तुमच्याच घरात पाणी शिरतंय आणि तुम्हाला खाडीची काळजी?"

"पाणी जातं कुठे गं शेवटी? खाडीतच ना?"

ते मी ऐकलं, पण मला लागलं नाही. माझ्या डोक्यात मूठ होती.

पत्रक गाजलं. दूधवाल्यापासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांनी वाचलं. आम्ही मोर्चा नेला, तुम्हीही आलात, उन्हात टोपी घालून सगळ्यात मागे. दीड वर्ष खेटे घातले. गेल्या उन्हाळ्यात आपल्या रस्त्याचा शाळेपर्यंतचा अर्धा भाग खरोखर उखडला. पायऱ्या परत दिसायला लागल्या, तीन, मग चार. चौथी पायरी उघडी झाली त्या दिवशी तुम्ही तिच्यावर बसून राहिलात. काकूंनी तिला हळदकुंकू वाहिलं. बाबा म्हणाले, "बघितलंस? एक मागणी." मी आयुष्यात एवढी खूश कधी झाले नव्हते.

जूनमध्ये तुम्ही म्हणालात, "पुढारी, उद्या सकाळी जरा चल माझ्याबरोबर." कुठे ते सांगितलं नाहीत. आपण रिक्षाने जुन्या भाईंदरात खाडीकडे गेलो. आपल्याकडे मासे घेऊन येणारी हिराबाय तिथे वाट बघत उभी होती. तिने पुढे हात केला.

तिवरांच्या मध्ये आपला रस्ता पडला होता.

मला आधी कळलं नाही. काळे ढेकळांचे ढीग, नेहमीची भरणी असेल असं वाटलं. मग एका मोठ्या तुकड्यावर पांढरा पट्टा दिसला. शाळेसमोरच्या झेब्रा क्रॉसिंगचा. त्याचं एक टोक चिखलात रुतलं होतं आणि दुसऱ्यावर खेकडा बसला होता.

"ह्यो तुमचाच हाय ना?" हिराबाय म्हणाली. "पट्टा वळखला मी. रोज त्यावरनं पाटी घेऊन येते. पाण्याची वाट बुजली बाय. आता होडी भरतीलाच निघते, ओहोटीला न्हाय. तुमच्या दारात चांगला व्हता की, आमच्याकडं कशाला धाडलात?"

मी काय बोलले, आठवतं ना? मी म्हटलं, ट्रक मी चालवला नव्हता. ठेकेदाराचं पाप आहे, आपण त्याच्यावर पत्रक काढू. हिराबाय हसली. "अजून कागुद? कागुद लय झाले."

तुम्ही एवढंच म्हणालात, "ठेकेदार सोडायचा नाही. पण उरलेला अर्धा रस्ता पावसाळ्यानंतर उखडणार आहेत. त्याआधी आपल्या पत्रकात ते वाक्य घालशील? आणि आधी राहून गेलं होतं, असंही."

"चूक कबूल केली की समोरचा तीच घेऊन नाचतो, काका. पत्रक मागे येत नसतं."

ठेकेदाराविरुद्ध मी लिहिलं, तुम्हाला माहीत आहे, खूप कडक लिहिलं. त्यातला शब्दन् शब्द खरा होता, पण माझ्याबद्दल त्यात काही नव्हतं. तुम्ही ते वाचलंत, घडी घातलीत आणि म्हणालात, "भाषा छान आहे." तुमच्याकडून मला आजवर मिळालेली सगळ्यात मोठी चपराक हीच. त्यानंतर मी संध्याकाळची खाली येईनाशी झाले. परीक्षा, नोकरीचे अर्ज, अशी कारणं सांगितली. तुम्ही ती खरी मानलीत, किंवा मानल्यासारखं केलंत.

जुलैत पाणी पुन्हा आलं. काकू जिन्यात भेटल्या, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. "पुढच्या दाराने नाही आलं गं या वेळी," म्हणाल्या. "मोरीतून आलं." माझ्यावर त्यांचा राग नव्हता. पाणी कुठून आलं, तेवढं त्या सांगत होत्या. मी वर जाऊन दार लावून घेतलं. खाडीची वाट बुजवली की ती आपल्या मोरीतून वाट काढते, हे कळायला मला कुठल्याही पुस्तकाची गरज नव्हती. तुम्ही ते पत्रक छापायच्या आधी चहाच्या कपावरून सांगितलं होतंत.

तरी मी खाली आले नाही. हे मला कोणालाच सांगता आलेलं नाही, म्हणून तुम्हाला सांगतेय.

दिवाळीत काकू फराळाचं ताट घेऊन वर आल्या. चकलीखाली घडी घातलेला कागद होता. पुन्हा तेच अक्षर. आधी तुम्ही चार ओळी दिल्या होत्यात. मग मधल्या काळात, मला आठवलं, गणपतीत प्रसादाच्या पुडीबरोबर दोन ओळींचा एक कागद आला होता, तो मी न वाचता पुस्तकात ठेवला होता. आणि आता ही एकच ओळ.

'उखडलेलं कुठे टाकणार, ते आधी सांगा.'

खाली लिहिलं होतं, 'एवढ्याला जागा होईल का?'

काका, तुम्ही खरंच समजत होतात की अडचण जागेची आहे. चार महिने तुम्ही त्या चार ओळी कापत होतात, माझ्या पत्रकात मावाव्यात म्हणून. जन्मभर मोजून-मापून काम केलेला माणूस, माझ्यामुळे लागलेली बोच न दाखवता, माझ्या खोट्या कारणाला खरं मानून त्यावर उपाय शोधत होता. तुम्हाला सत्य कळलं असतं तर बरं झालं असतं की वाईट, मला ठरवता येत नाही. कदाचित ते कळलेलंच होतं आणि मला सोपं व्हावं म्हणून तुम्ही जागेचं निमित्त सांभाळत होतात. हे विचारायला मी भाऊबीज झाल्यावर खाली येणार होते. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी दुपारी काकूंनी खालून माझं नाव घेऊन हाक मारली, आणि त्या हाकेवरूनच कळलं.

तुम्ही झोपेतच गेलात. चेहरा शांत होता. रस्त्यावरून तुम्हाला नेलं तेव्हा मी पायऱ्यांवर उभी होते, चौथ्या पायरीवर.

दहाव्यानंतर मी बाबांपुढे बसले आणि सगळं सांगितलं. नियमाचंही. बाबा बोटं चोळत राहिले, खिळे जुळवणाऱ्यांची ती सवय जात नाही.

"जागा होती का?" त्यांनी विचारलं.

मी जुनं पत्रक त्यांच्यापुढे धरलं. तळाला माझं नाव आणि ती मूठ. चांगली चार ओळींची जागा.

"ती दुसरी मागणी नव्हतीच, प्रज्ञा," बाबा म्हणाले. "पहिलीच त्यांनी पुरी करून दिली होती. तू अर्धी छापलीस."

मी दुसऱ्या दिवशी केबिन रोडला गेले. डीटीपीवाल्याने जुनी फाइल उघडली. "मूठ काढायची? अहो, तीन वेळा करून घेतलीत!" मी म्हटलं, काढा. नावही काढा, फक्त 'तळमजल्यावरचे आणि वरचे रहिवासी' लिहा. त्या जागी तुमचं वाक्य बसवलं, तुम्ही लिहिलं होतं तसंच, अक्षरही न बदलता. आणि त्याच्याखाली बारीक अक्षरांत माझं एक: 'मागच्या पत्रकात हे विचारायचं राहून गेलं. जुना रस्ता खाडीत गेला. ती चूक पत्रक लिहिणारीची आहे.' डीटीपीवाल्याने वाचून मान वर केली. "असं कोण छापतं, ताई?" मला माहीत नव्हतं. मला फक्त एवढंच माहीत होतं की असं छापायला मला जून ते नोव्हेंबर लागले.

तुम्ही म्हणाला होतात तसं छापून झालं आणि मी म्हणाले होते तसंच घडलं. ठेकेदाराच्या माणसाने ते पत्रक महापालिकेच्या कार्यालयात सगळ्यांसमोर फडकवलं, "बघा, यांचीच चूक, हे स्वतःच लिहून देतात!" तेव्हा मागून आवाज आला. काकू होत्या. आयुष्यात कधी मोर्चाला न आलेल्या काकू, पांढऱ्या साडीत.

"हो, लिहून दिलंय. आता तुम्ही लिहून द्या. उरलेला कुठे टाकणार?"

त्यांनी लिहून दिलं नाही. तरुण इंजिनिअर होता, तो एवढंच म्हणाला, पलीकडच्या गल्लीचं सोलिंग, म्हणजे पायाचा थर, व्हायचंय, दगडाऐवजी हाच माल फोडून घालता येईल, बघतो. तोंडी. मी त्याला तुमच्या चार ओळींचा पहिला कागद दाखवला. त्याने तो वाचला आणि विचारलं, "हे कोणी लिहिलंय?" मी तुमचं नाव सांगितलं. त्याने ऐकलेलं नव्हतं. त्याने कागदाची झेरॉक्स मात्र मागून घेतली.

आज सकाळी उरलेला अर्धा रस्ता उखडायला सुरुवात झाली. आम्ही सातजणी गेटपाशी उभ्या होतो. हिराबायही आली होती, पाटी घेऊन. मला वाटलं भांडेल. ती म्हणाली, "काकांचा दिस हाय ना आज, म्हणून आले." पहिला ट्रक भरला. ड्रायव्हर खाली उतरला, तोंडावरचा रुमाल सोडला आणि आमच्याकडे येऊन विचारलं,

"मॅडम, ये माल किधर डालने का?"

काका, मी काहीतरी जोरदार बोलेन असं सगळ्यांना वाटलं असणार. मी काकूंकडे वळले. इतक्या वर्षांत हा प्रश्न भरलेल्या ट्रकापाशी उभं राहून कोणी विचारलेला मी पहिल्यांदा ऐकला. काकूंनी पदर सावरला आणि पलीकडच्या गल्लीकडे बोट दाखवलं.

सकाळचे चार ट्रक तिकडेच गेले, मी मागोमाग चालत जाऊन पाहिलं. नंतरच्यांचं मला अजून माहीत नाही. तिकडे ट्रक येतात का ते बघत हिराबाय खाडीच्या तोंडाशी थांबलीय, मी आता तिच्याकडेच निघालेय. तुमचा तुकडा टेबलावर ठेवून जातेय, पत्रकांवर.

खाली गेल्यावर काकूंना सांगणार आहे, दार उघडं ठेवा. तुकडा लागला तर परत आणून देते.